उशीच्या उंचीवरून समुद्र

एप्रिल १९७४, रविवार. हजर: खाटेवर सासूबाई, शिडीवर पाट्या रंगवणारा एक माणूस आणि त्याच्या हाताखाली मी.

सासूबाई रत्नागिरीकडच्या. कंबर मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि समुद्र एकदा पाहायचा एवढंच त्यांचं मागणं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं, म्हणून मी नागपुरातल्या आमच्या घराची, त्यांच्या समोरची भिंत रंगवायला काढली.

त्या माणसाने समुद्र पाहिला नव्हता. पाटीवरच्या अक्षरांना काढावी तशी त्याने प्रत्येक खडकाला काळी कड काढली.

"अरे, लांबचे खडक इतके करकरीत दिसत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "तिथे हवेत पाणी असतं."

"आजी, नागपूरच्या हवेत पाणी कुठून आणू जी?"

"बादलीत आहे ना? ते घाल."

तो खळखळून हसला. ओल्या फडक्याने त्याने कडा पुसल्या आणि पातळ निळसर रंगाचे हात एकावर एक दिले. प्रत्येक हातानंतर तो खाटेजवळ फरशीवर बसे आणि डोकं उशीच्या उंचीला आणून भिंत पाही. मी चहाला बोलावलं, तर म्हणाला, "थांबा बाई. मले उभ्यानं दिसून काय फायदा? आजीले पडल्या पडल्या दिसलं पाहिजे."

संध्याकाळपर्यंत दूरचे खडक धूसर झाले. सासूबाई कितीतरी वेळ नुसत्या पाहत होत्या.

"आजी, खालच्या खडकाले शेवाळ लावून देऊ काय?"

"आता नको. भरती आलीय. ओहोटीला लाव."

या वेळी तो हसला नाही. "बरं जी," म्हणाला आणि ब्रश धुवायला बसला. त्या दोन शब्दांसाठी मी अजून त्याचे उपकार मानते.

शेवाळ लावायचं राहिलं आहे.