पासबुकातलं हाकेचं नाव

माझं कागदावरचं नाव आजीचं आहे. माझ्या जन्माआधी ती गेली आणि वडिलांनी तिचं नाव मला ठेवलं. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. त्यामुळे आईनं मला त्या नावानं कधी बोलावलं नाही. घरात हाकेचं दुसरंच नाव रूढ झालं.

वडील फौजेत होते. त्यांची मनीऑर्डर कोरेगावच्या पोस्टात यायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अल्पबचतीचा प्रचार जोरात होता. आईनं माझ्या पुढच्या शिक्षणासाठी पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव उघडली. मनीऑर्डर हातात पडली की हप्ता तिथंच भरून मग ती बाजाराला जायची. खातं उघडताना कारकुनानं मुलीचं नाव विचारलं, तेव्हा तिनं हाकेचं सांगितलं होतं. पासबुकावर ते मी अनेकदा वाचलं. वावगं वाटलं नाही.

ठेवीची मुदत संपली तेव्हा मला सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फी परवापर्यंत भरायची होती, नाहीतर जागा जाणार होती. आई, आजोबा आणि मी पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी पासबुक आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवला.

"ही मुलगी वेगळी दिसते."

"आवं, एकच पोर हाय आमची," आजोबा म्हणाले. "हितंच उभी हाय, बघा की."

पोस्टमास्तर अडवणूक करणारे नव्हते. दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत, असं पालकानं साक्षीदारांसमोर सांगावं. ते लिहून घेतो, म्हणाले. एक साक्षीदार आजोबा, दुसरा तिथंच शिक्के मारत बसलेला पोस्टमन.

आईनं पदर पुढं ओढला. "कागदावर हाय की. तुमीच वाचा."

"मी वाचून चालत नाही, बाई. पालक तुम्ही."

"मामंजींच्या म्होरं आत्याबाईंचं नाव कसं घिऊ?"

मागं रांग वाढत होती.

"घे गं पोरी," आजोबा म्हणाले. "ती काय आता भांडाय येनार हाय? आलीच तर म्या सांगितलं म्हन."

आईनं आधी हाकेचं नाव सांगितलं. मग भिंतीकडं तोंड करून दुसरं.

"ऐकू आलं न्हाई," पोस्टमन म्हणाला. रांगेतलं कुणीतरी हसलं.

ती वळली आणि मोठ्यानं बोलली. आजोबांनी टोपी काढली, परत घातली आणि कागदावर अंगठा उठवला.

पैसे त्याच दुपारी मिळाले. दुसऱ्या दिवशी आई मला सांगलीच्या एसटीत बसवायला आली. गाडी हलल्यावर तिनं खालून हाक मारली, ती नेहमीच्याच नावानं.