गास ते कळंब: एका होकाराच्या मागावर

मी फिरायला निघते तेव्हा सोबत कोणी नको असतं. या वेळी पूर्वाला घेतलं, किंवा खरं म्हणजे तिने मला घेतलं.

पूर्वा माझ्या भावाची मुलगी. विरारला राहते आणि मुंबईच्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यवसाय-धोरणाचं पदव्युत्तर शिक्षण घेते. शेवटच्या सत्राचा प्रकल्प असा: आपल्या जिल्ह्यातला एक पदार्थ निवडायचा आणि तो परदेशी बाजारात कसा न्यायचा याचं धोरण लिहायचं. तिने सुकेळी निवडली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की ती सुकेळी. आमच्या वसईच्या पट्ट्यात ती घरोघरी माहीत. तिने प्रकल्प फ्लॅटमध्ये बसून लिहिला, आणि चांगला लिहिला. सरांनी परत पाठवला. माल द्यायला एक तरी घर खरोखर तयार आहे का ते सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर तोंडी परीक्षेला बसता येणार नाही, असा निरोप. सर्वांत चांगल्या प्रकल्पाला नेदरलँड्समधल्या एका कंपनीत सहा महिने जायला मिळणार होतं. पूर्वाने तिकडच्या थंडीचे कपडेसुद्धा बघून ठेवले होते.

माझं माहेर वसईजवळच्या गास गावचं, म्हणून मी बरोबर. मी दोन अटी घातल्या. गाडी करायची नाही, आणि तिच्या वतीने मी एक शब्द बोलणार नाही.

शनिवारी सकाळी नालासोपारा पश्चिमेहून गासची बस धरली. ज्यांना जायचंय त्यांनी सुट्टे पैसे ठेवावेत आणि बसची वाट बघण्याची तयारी ठेवावी. फारच उशीर झाला तर शेअर रिक्षा आहेच. इमारती संपतात तिथे शेतं लागतात. भाताची खाचरं या दिवसांत कोरडी असतात, मध्ये मध्ये भाजीचे वाफे. दहा वर्षांपूर्वी केळीच्या बागा होत्या तिथे आता बऱ्याच ठिकाणी कुंपणं आहेत. कुंपणांचं वर्णन करण्यासारखं काही नाही.

नलूवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. वाडी अजून राखून आहेत, सुकेळी अजून करतात. आम्ही पोचलो तेव्हा अंगणातल्या मांडवावर केळी पसरलेली होती, तपकिरी, चकचकीत. सकाळी पसरायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची, पुन्हा सकाळी पसरायची. हे आठवडाभर. नलूवहिनी आणि माझा हा चुलतभाऊ, आमचे दादा, दोघंच. मुलगा ठाण्याला नोकरी करतो.

चहा झाला. पूर्वाने फोनवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. हवाबंद पाकीट, त्यावर वाडीचा फोटो, खाली नलूवहिनींचं नाव.

"अगोबाई, माझं नाव?" नलूवहिनी हसल्या. "बघा हो, आपल्या पूर्वाने मला विलायतेला पाठवली!"

"पाठव, पाठव," दादा आतून म्हणाले. "चार दिवस शांतता मिळेल."

"काकू, सुरुवातीला दर महिन्याला थोडा माल लागेल. द्याल ना?"

"देऊ की. तुला नाही द्यायची तर कोणाला?"

"मग लिहू तसं सरांना?"

"लिही, बाई, लिही. घ्या ना वन्सं, अजून एक चिवड्याचा घास."

निघताना नलूवहिनींनी सुक्या केळीच्या पानात बांधलेलं सुकेळ्यांचं पुडकं पूर्वाच्या हातात ठेवलं. पूर्वा पैसे काढायला लागली. "माहेरवाशिणीच्या भाचीकडून पैसे घेऊ?" असं म्हणून त्यांनी तिची पर्स बंद केली.

वाटेत पूर्वाने सरांना संदेश पाठवला: घर तयार आहे, नमुना हातात आहे. मी रस्त्याकडे बघत होते. अट मीच घातली होती.

तिथून रिक्षाने समुद्रकाठचं कळंब. आठवड्याच्या मधल्या दिवशी जाल तर किनारा तुमचाच. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात आणि खोल्यांचे भाव दुप्पट होतात. आम्हाला सुरूच्या झाडांमागे एक खोली दिसली. मालकीण ओट्यावर बोंबील निवडत होती.

"खोली नाय," ती मान वर न करता म्हणाली.

"एक रात्रच हवीय, मावशी."

"मानसं किती? दोघीच? मंग पुरुष कोन येनार हाय?"

"कोणी नाही."

"मच्छी खाता का? का निसता वरन-भात मागाल? सकाली गरम पानी लागंल? मला लाकडं लावाया लागतील. आनि कवा जानार? धा वाजता दुसरी पार्टी हाय माझी."

पूर्वा उत्तरं देत राहिली. भावावरून दोघींची चांगली जुंपली. "फोन मोठा घेतलास, मन एवढंच हाय व्हय?" असं तिने पूर्वाला ऐकवलं. शेवटी चावी मिळाली. जेवणात तळलेले बोंबील, कालवण, तांदळाची भाकरी. दोघींचं मिळून खोलीभाड्यापेक्षा कमी. कालवण तिखट आहे, आधीच सांगून ठेवा.

सूर्यास्ताला आम्ही वाळूवर बसलो होतो. सूर्यास्त बरा होता.

"काय बाई आहे!" पूर्वा हसत म्हणाली. "आधी सरळ नाही म्हणाली, मग शंभर प्रश्न विचारले, मग हो." पुडकं तिच्या मांडीवर होतं. ते उघडायला गेलेला हात थांबला. "आत्या, नलूकाकूंनी एकही प्रश्न विचारला नाही."

मी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"किती लागतील, कधी लागतील, न्यायला कोण येणार... काहीच नाही. आणि हे फुकट दिलं. म्हणजे त्या नाही म्हणाल्या?"

"तुझा अभ्यास काय सांगतो?"

"दुसऱ्या देशातला माणूस हो म्हणतो तेव्हा तो होकार असतो की नुसता मान राखणं, यावर आम्हाला आख्खा विषय होता. त्यात मी वर्गात पहिली आले." ती माझ्याकडे वळली. "तुला कळलं होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तुला नुसतं उत्तर मिळालं असतं."

त्यानंतर ती माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही. मी तिची समजूतही काढली नाही.

रविवारी गाड्या यायच्या आत कळंब सोडलं आणि पुन्हा गासला उतरलो. नलूवहिनी मांडवाशी उभ्या होत्या. पूर्वाने ते न उघडलेलं पुडकं त्यांच्यासमोर धरलं.

"काकू, हे नको. मला खरं उत्तर हवं."

दिलेली वस्तू परत करणं आमच्याकडे थोबाडीत मारण्यासारखं आहे. नलूवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाकडे पाहिलं.

"तुझ्या आत्याने शिकवलं का हे?"

"ती काही बोलतच नाही. हाच तर त्रास आहे."

दादा आतून खदखदून हसले. नलूवहिनींचा चेहरा मात्र हलला नाही. त्यांनी पुडकं घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि बसल्या.

"मग ऐक. नाही जमणार. माझी कंबर दुखते. दादांना मांडवाची शिडी चढवत नाही. दर महिन्याला म्हणतेस, पावसात ऊन कुठून आणू? करतो तेवढी चार ठरलेल्या घरांनाच जातात, त्यांना नाही म्हणवत नाही. तुलाही म्हणवलं नाही, म्हणून हो म्हटलं. झालं समाधान?"

"झालं," पूर्वा म्हणाली. तिने तिथेच उभं राहून सरांना दुसरा संदेश लिहिला: माझी कालची माहिती चुकीची होती, घर तयार नाही. तो पाठवायला तिला बराच वेळ लागला.

चहा या वेळीही झाला. चिवडा मिळाला नाही. पुडकं ओट्यावरच राहिलं.

सरांनी तिला परीक्षेला बसू दिलं. तिने धोरण बदलून लिहिलं: आज हा माल परदेशी नेऊ नये, आणि का नेऊ नये. ती उत्तीर्ण झाली. नेदरलँड्सला दुसरा मुलगा गेला. कपडे तिने घेतलेच नव्हते, तेवढं बरं.

मी वसईला माझ्या घरी परतले, कपडे धुतले, चपलांतली वाळू झाडली. सहल म्हणून विचाराल तर दोन दिवस पुरेसे आहेत, आणि गासला ओळखीशिवाय जाण्यात अर्थ नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर माहेरच्या अंगणात इतकं स्पष्ट बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर महिनाभर नलूवहिनींचा फोन नव्हता. तो राग आहे असं मी धरून चालले होते.

काल फोन आला. तब्येत नाही, हवापाणी नाही.

"वन्सं, त्या पूर्वाला विचारा जरा. फक्त उन्हाळ्यातली दिली तर चालतील का? आणि न्यायला कोण येणार? गाडी वाडीपर्यंत येत नाही, सांगून ठेवा. आणि ते लोक खाणार कशाबरोबर? आणि तो फोटो नको, नुसतं माझं नाव."

मी म्हटलं, तिचा नंबर घ्या आणि तिलाच विचारा.