कागद पुसणारे व्याही

आमच्या व्याह्यांच्या हाती पडलेला कागद पुन्हा कागद म्हणून परत आल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. लग्नपत्रिका असो, विजेचं जुनं बिल असो, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी असो की वाशीच्या मार्केटातल्या सफरचंदाच्या पेटीतला जांभळा कागद असो, त्यांच्या घरात शिरलेली प्रत्येक पातळ वस्तू महिन्याभराने कॅनव्हासवर चिकटलेली सापडते, आणि तीही अशी की मूळ मालकाने ओळख देऊ नये. माझी मुलगी मी ह्याच घरात दिली. ती तिथे घट्ट चिकटून राहावी, पण ओळखू येईल अशी राहावी, एवढीच तेव्हा माझी देवाकडे मागणी होती.

हे गृहस्थ मूळचे साताऱ्याकडचे. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर खांदेश्वरच्या त्यांच्या सोसायटीतले बाकीचे लोक सकाळी फिरायला आणि संध्याकाळी बाकावर बसायला लागले, तर ह्यांनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि त्या दिवसापासून घरच्यांचा संसार बदलला. व्हिडिओत छापील चित्र कागदावरून उचलून कॅनव्हासवर कसं उतरवायचं ते दाखवलं होतं. कृती ऐकायला सोपी आहे. चित्राची लेझर प्रिंट काढायची. कॅनव्हासवर डिंकासारखं पांढरं जेल थापायचं, त्यावर प्रिंट पालथी घालायची, वरून लाटणं फिरवायचं आणि दिवसभर वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी ओल्या बोटाने कागद मागून घासत राहायचं. कागदाच्या बारीक शेवया निघत जातात, शेवटी कागद संपतो आणि शाई तेवढी कॅनव्हासला धरून राहते. मग त्याच्या आजूबाजूला गोणपाट, कांद्याच्या गोणीची जाळी, वाळू, रंग, जे हाताशी येईल ते लावायचं. ह्यातलं लाटणं घरातलं असतं, शेवया बेसिनमध्ये जातात आणि बेसिन दर पंधरा दिवसांनी तुंबतं. आमच्या विहीणबाई म्हणजे शांत बाई, पण चहाची गाळणी तिसऱ्यांदा वाळू चाळताना सापडली तेव्हा त्यांनी मला फोन करून, तुमच्याकडे एखादी खोली रिकामी आहे का, असं विचारलं होतं. खोली व्याह्यांसाठी की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही.

घासण्याचं काम त्यांनी इतकं मनावर घेतलं की बोटांवरच्या रेषाच गेल्या. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या यंत्रावर ह्यांनी दोन्ही अंगठे, मग आठही बोटं ठेवून पाहिली, पण हा माणूस जिवंत असल्याचं यंत्र काही केल्या मान्य करेना. काउंटरवरची मुलगी कानकोंडी झाली. व्याही मात्र खुशीत घरी आले आणि पुढचा आठवडाभर भेटेल त्याला अंगठा दाखवत सांगत होते, "कागद पुसता पुसता मी पण निम्मा पुसला गेलो बघा."

प्रयोगशाळेची सवय म्हणून त्यांच्या घरात लेबल नाही अशी वस्तू नाही. प्रत्येक बाटलीवर, डब्यावर, पाकिटावर त्यांच्या मुंग्यांसारख्या अक्षरात नाव, तारीख आणि नमुना क्रमांक. मुलांनी आपापलं जमवल्यावर रीत म्हणून आम्ही बोलणी करायला बसलो, तेव्हा मी मराठीचा निवृत्त मास्तर असल्यामुळे चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. ती म्हणून झाल्यावर वर पाहिलं, तर हे आमच्या कामोठ्याच्या गावठाणातल्या घराची पोपडे आलेली भिंत नखाने टोकरत होते. एक चांगला पोपडा निघाला, तो त्यांनी पाकिटात घातला, पाकिटावर "व्याही, उत्तर भिंत" असं लिहिलं आणि मग म्हणाले, "आमची पसंती आहे." ती मुलीबद्दल की भिंतीबद्दल, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. मुख्य चित्र सोसायटीचंच होतं, फाटकावरच्या पाटीसकट. कागद पालथा घातला की डावं उजवीकडे जातं, म्हणून प्रिंट आधी उलटी काढायची असते, तेवढं नेमकं विसरलं होतं. सोसायटीचं नाव आरशात दिसावं तसं उलटं आलं आणि सेक्रेटरींना टेन्शन आलं. लोक हसतायत, काढा ते, असं त्यांनी सांगितलं. व्याह्यांनी शांतपणे उत्तर दिलं, की आपल्याकडे सकाळची पाण्याची टाकी दुपारी भरते, वरचं बटण दाबलं की लिफ्ट खाली जाते, तेव्हा हे चित्र वास्तवाला धरूनच आहे. चित्र विसर्जनापर्यंत राहिलं.

अशी चित्रं ते नातेवाइकांना भेट देतात आणि पुढच्या वेळी आले की ती भिंतीवर शोधतात. आमच्या वाट्याला आमचंच घर आलं, कांद्याच्या जाळीत अडकल्यासारखं. बायकोने ते तांदळाच्या पिंपामागे ठेवलं होतं. मुलीचा "बाबा निघालेत" असा मेसेज आला की मी ते काढून खिळ्याला लावायचो. एकदा मेसेज यायचा राहिला. व्याह्यांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "नमुना तपासणीला गेलेला दिसतोय." पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ह्या माणसाच्या हातून एक मोठी चूक झाली, आणि तीही आमच्याच घरातल्या कागदावर.

नोकरीत तीस वर्षं त्यांनी मिठाची शुद्धता तपासली होती. पोत्यातून चिमूटभर मीठ घ्यायचं आणि आकडा लिहायचा. मीठ पिकवणारा माणूस आपण कधी पाहिला नाही, हे त्यांना निवृत्त झाल्यावर सुचलं आणि त्यांनी मिठागरांचं मोठं चित्र करायला घेतलं. माझी बायको उरणकडची, तिचे वडील आयुष्यभर मिठागरात राबले. तिच्याकडे त्यांचा एक फोटो होता, तळहाताएवढा, काळा-पांढरा. बाहेरून कुणी पाहुणा आला होता, त्याने काढून पुढे पाठवून दिलेला. डोक्याला फडकं, हातात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी, आणि मागे मिठाच्या राशी. व्याह्यांनी तो मागितला. बायकोने ट्रंक उघडली, प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढला आणि देताना म्हणाली, "दादा, एकच हाय. सांभालून." व्याह्यांनी लगेच लेबल लिहिलं: "मूळ प्रत. हात लावू नये."

त्याच महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि पंधरा दिवस स्वस्थ बसायला सांगितलं. ते चार दिवस बसले. पाचव्या दिवशी काळ्या चष्म्यासकट कामाला लागले. फोटो आणि त्याची प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी होते, मापाला सारखे. फोटोवरच्या लेबलाचा गोंद सुटला होता, त्यांनी ते परत चिकटवलं, आणि चिकटवलं ते प्रिंटवर. डोळ्यांवर नसेल तेवढा विश्वास त्यांचा लेबलावर. फोटो जेलवर पालथा पडला, वरून लाटणं फिरलं. दुसऱ्या दिवशी ते घासायला बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते. मेसेज नाही, काही नाही. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, साहेबाने बोलावल्यासारखे. बायको सुपात जवळा निवडत होती. एरवी तिला ते विहीणबाई म्हणायचे आणि चेष्टा करायचे. त्या दिवशी बसलेसुद्धा नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "माझ्याकडून मूळ फोटोच घासला गेला."

मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. प्रिंट काढण्यासाठी मुलीने तो फोटो मोबाइलमध्ये घेतला होता, चेहरा कुठे जाणार नव्हता. पण बायकोने विचारलं ते वेगळंच. "मागचं पन?"

"अर्धं. शाई बोटाला लागली तेव्हा चष्मा काढला आणि थांबलो."

फोटोच्या मागे काही लिहिलेलं आहे, हे पस्तीस वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. उतारवयात गावातल्या देवळात साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथे ते संध्याकाळी जाऊन बसत. दोन शब्द शिकले. एक स्वतःचं नाव, ते अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून, आणि दुसरं मुलीचं. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या फोटोमागे निळ्या पेनने "जानकी" लिहिलं आणि फोटो तिच्या हातात दिला. त्यांनी कागदावर लिहून दिलेलं तेवढंच. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तिने सूप पुन्हा पुढे ओढलं. जवळा निवडून झाल्यावर उठली, चहा केला, व्याह्यांच्या पुढे ठेवला आणि आत गेली. त्यांनी तो उभ्याउभ्याच प्यायला.

दोन महिने ती खांदेश्वरला गेली नाही. मुलीने मोबाइलमधला फोटो मोठा करून, चौकटीत घालून आणला. बायकोने तो लावला, पण म्हणाली, "मोबाइलातल्या फोटोला पाठ कुटं हाय?" मुलगी बिचारी दोन्हीकडे कानकोंडी. तिच्याकडूनच कळत होतं, की व्याह्यांनी टेबल आवरून टाकलंय, ब्रश धुऊन ठेवलेत, मार्केटात जाणं बंद केलंय, आणि संध्याकाळी बाकीच्यांबरोबर खाली बाकावर जाऊन बसतात. शेवटी विहीणबाईंनीच माझ्या बायकोला फोन केला. गाळणी जागेवर असते, बेसिन महिनाभर तुंबलेलं नाही, असं सांगून त्या मूळ मुद्द्यावर आल्या. "बघवत नाही हो," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको साडी बदलून तयार झाली आणि मला म्हणाली, चला. आम्ही खांदेश्वरला गेलो.

व्याह्यांनी आतून कॅनव्हास आणला आणि टेबलावर ठेवला. सासरे उतरले होते, डावे-उजवे बदलून, पण स्वच्छ. चेहरा, फडकं, राशी, सगळं होतं. फक्त खालच्या कोपऱ्यात कागद तसाच शिल्लक होता, पिवळट, आणि त्यावर पुसट निळं "की". त्या कागदाखाली त्यांचे पाय आणि फळीचं टोक झाकलेलं होतं. शेजारी व्याह्यांनी एक छोटी बाटली ठेवली. घासताना निघालेल्या कागदाच्या सगळ्या शेवया त्यांनी गोळा करून, वाळवून तिच्यात भरल्या होत्या. लेबलावर नमुना क्रमांक नव्हता. "ताईंच्या वडिलांचं अक्षर" एवढंच होतं.

"पुढचं तुम्ही सांगाल तसं," ते म्हणाले. "हा कोपरा घासला तर पाय दिसतील, चित्र पुरं होईल. ठेवला तर अक्षर राहील. दोन्ही मला जमत नाही."

बायकोने त्या वेलांटीवर बोट टेकवलं. वेलांटी चांगली लांब, मासे धरायच्या गळासारखी वळलेली होती. बापाला ती कशी म्हणून जमायची नाही, ती सांगू लागली. कान्याच्या कुठल्या बाजूला वळवायची, ते दर वेळी विसरायचे आणि वर्गातल्या मास्तरांना विचारायला लाज वाटायची, म्हणून तिलाच राखेत काढून दाखवायला लावायचे. बोलता बोलता ती हसली आणि मग तिचे डोळे भरले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पाय माज्या ध्यानात हायेत, दादा. रोज सांजचं तेल मीच लावायची. अक्षर ऱ्हाऊ द्या."

व्याह्यांनी मान हलवली. त्या कोपऱ्यावर राखणीचं वार्निश लावताना कॅनव्हास सरकत होता, म्हणून तिने दुसऱ्या बाजूने कॅनव्हास धरला. विहीणबाईंनी तोवर भाकऱ्या टाकल्या. जेवताना व्याही पहिल्यांदाच कुठलीही रासायनिक माहिती न सांगता जेवले, ते मलाच चुकल्यासारखं झालं. ती बाटली आता आमच्या देव्हाऱ्यात आहे आणि चित्र समोरच्या भिंतीवर, कुणाचा मेसेज येवो न येवो.

व्याह्यांचं बेसिन पुन्हा तुंबायला लागलं आहे. मात्र हल्ली कुणीही जुना फोटो दिला की ते आधी तो उलटा करतात. कुठे स्टुडिओचा शिक्का असतो, कुठे पत्ता, कुठे "चि. बाळ, वय सव्वा वर्ष". ते सगळं मोठ्याने वाचतात, वहीत उतरवून घेतात आणि चेहरा नंतर बघतात. परवा त्यांनी माझ्याकडे माझ्या आईवडिलांचा फोटो मागितला. मी दिला. त्यांनी उलटा केला, तर पाठ कोरी. मग फोटो माझ्या हातात परत दिला आणि खिशातलं पेन काढून पुढे केलं.

"असा नाही नेत," म्हणाले. "आधी काहीतरी लिहा, व्याही."

पेन माझ्याकडेच आहे. चाळीस वर्षं पोरांना निबंध लिहायला लावले, पण त्या तळहाताएवढ्या जागेत काय लिहावं, ते मला अजून सुचलेलं नाही.