इटलीहून आलेलं चित्र

काल सुनेनं नातवाच्या खरचटलेल्या गुडघ्याला तेलात गरम केलेली हळद लावली, आणि त्या वासानं मी मनानं बेळगुंदीच्या माहेरच्या सोप्यात जाऊन बसले.

माझा थोरला भाऊ, अण्णा, दुसऱ्या महायुद्धात लढायला इटलीला गेला तो परत आला नाही. तिकडंच त्याला अग्नी दिला म्हणे. घरी आली ती त्याची पेटी. तिच्यात लोकरी मोज्यांखाली तिथल्या चर्चमधल्या चित्राची छापील प्रत होती. क्रुसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर पडला होता. हातापायांत खिळ्यांची भोकं, बरगडीत जखम.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "किरिस्तावांचा देव हाय त्यो. घरात ठेवू नगंस."

आई उठली. पळीत तेल-हळद गरम करून तिनं एकेका जखमेवर हलक्या बोटानं लावली. तेल कागदात पसरत गेलं. मला तिची भीतीच वाटली. आज ते आठवताना माझंही बोट तिच्या बोटामागून त्या जखमांवरून फिरतं.

"आई, चित्र हाय गं ते."

"ठावं हाय. अण्णाला कुटं लागलं हुतं, कुणी सांगितलंच न्हाय." मग तिनं पदराला बोट पुसलं. "ह्यो तरी आईच्या मांडीवर हाय."