आमच्या दारातली तीन मुलं

डब्लिनकर मंडळी, हे सगळ्यांसाठी लिहितेय.

दुपारी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समोरच्या काकूंनी आमच्या दाराचा फोटो टाकला. तीन काळी मुलं, हातात बंदुकीच्या वाटाव्यात अशा लांबट केसेस. खाली लिहिलेलं, "पोलिसांना कॉल केलाय."

अहो, तो माझ्या लेकीच्या कॉलेजमित्रांचा नायजेरियन हिप-हॉप बँड! चार वर्षांपूर्वी आमच्या बेसमेंटमध्येच सुरू झाला. उद्या त्यांची पहिली टूर निघतेय, म्हणून आमच्याकडे ठेवलेली वाद्यं न्यायला आले होते.

मी ऑफिसातून त्या तिघांतल्या टुंडेला फोन लावला. "केस खाली ठेव, हात दिसू देत," एवढंच बोलता आलं.

"आय नो, आंटी," तो शांतपणे म्हणाला. त्या शांतपणानं मी जास्तच घाबरले.

पोलीस विचारपूस करून गेले.

काकू, गेल्या गणपतीत याच मुलांसोबत स्टेजवर सेल्फी कोणी काढला होता?