दुनळी वायरमन

“दाजी, शप्पथ सांगते, मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता.”

“मग काय मिक्सरला आपोआप हुक्की आली?”

“हसू नका हो. कोपरापर्यंत हात आत होता माझा. तळाचं पीठ खरवडत होते. घुर्र केलं आणि दांडा फिरला. दचकून मागं आपटले, म्हणून हात राहिला. वर मालकीण म्हणते, तुझंच कोपर लागलं असेल. परत असं झालं तर येऊ नकोस म्हणाली.”

दाजीचं हसू विरलं. मेहुणी बेकरीत कणीक मळायच्या मिक्सरवर होती, आणि त्या बेकरीचं वायरिंग त्यानंच केलेलं.

या दाजीला बाजारात सगळे दुनळी म्हणत. अंगानं काटकुळा, कानावर पेन्सिल, भिंत दिसली की आधी बोटानं ठोकून बघणार. मोटरला पॉवर नेणाऱ्या जाड तारा एका नळीत आणि बटणाकडं जाणाऱ्या कंट्रोलच्या बारीक तारा दुसऱ्या नळीत, हा त्याचा हट्ट. “बैल आणि वासरू एका दावणीला बांधलं तर चेंगरतं कोण?” असं विचारायचा. ठेकेदार त्याला बघून ओरडायचे, “दुनळी आला रे, नळ्या लपवा!” घरातही तसंच. चहाची गाळणी दुधात गेली की दिवसभर फुगून बसायचा. बायको म्हणायची, “बरं झालं, नवरा-बायकोनं एका घरात राहायला याची हरकत नाही.”

बेकरीत गेल्या गेल्या त्यानं सगळ्यांना मिक्सरपासून लांब केलं.

“हात घालायच्या आधी मेन स्विच का नाही पाडलास गं?”

“मैद्याच्या पोत्यांमागं आहे तो. तिथवर कोण घुसणार?”

त्यानं पोत्यांची थप्पी नीट बघून घेतली. मिक्सर गप्प उभा होता. मालकीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बघा, काही होतंय का? उगाच मशीनला नावं ठेवायची.”

“तेव्हा आणखी काय चालू होतं?”

मेहुणीनं जरा आठवलं. “तेवढ्यात बाईंनी भट्टीवरचा पंखा लावला होता.”

दुनळीनं पंखा लावला. पंख्यानं वेग घेतला आणि रिकाम्या मिक्सरचा दांडा गरकन फिरला.

“अगं बाई!” मालकीण दोन पावलं मागं सरली. मेहुणी मात्र भिंतीला टेकून खाली बसली. आपण खोटं बोललो नव्हतो, हे एकदाचं मशीननंच सांगितलं होतं.

पण दुनळी तडक पोत्यांमागं घुसला. वायरिंग त्याचंच होतं. त्यानं मेन पाडला, भिंतीतला तारांचा वरचा डबा उघडला. दोन्ही नळ्या होत्या. खालचा डबा उघडला, तर एका नळीचं तोंड सिमेंटनं बुजवलेलं आणि दुसरीत सगळ्या तारांची झुंबड. पंख्याच्या पॉवरच्या तारांना मिक्सरच्या बटणाच्या तारा घट्ट चिकटलेल्या. पंख्याचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्रामुळं त्या जाड तारांतली वीज नुसती थरथरत असते. तिचा वारा बारीक तारांना लागत होता आणि मिक्सर त्यालाच हुकूम समजत होता.

“या भिंतीला कोणी हात लावला?”

“ओल आली होती ना,” मालकीण म्हणाली, “तेव्हा हिच्याच नवऱ्यानं प्लास्टर केलं.”

म्हणजे साडू! गवंडी. निरोप गेला तसा तो थापी हातात घेऊनच आला.

“छिन्नीनं नळी फुटली रे. तू बाहेरगावी होतास. म्हटलं, दुसरीत जागा आहे, बसतील सगळ्या गुण्यागोविंदानं.”

“एका पंगतीला बसवायला पाहुणे आहेत का ते? तुझ्या बायकोचा हात गेला असता, शहाण्या!”

साडूचं तोंड उतरलं. तो बायकोच्या हाताकडं टक लावून बघत राहिला. अजून पीठ लागलेलं होतं.

“माझा हात काय बघताय?” ती उठत म्हणाली. “भिंत फोडा.”

साडूनं आपलंच गुळगुळीत प्लास्टर फोडलं, शिव्या खात. दुनळीनं नवी नळी बसवली, मिक्सरच्या तारा वेगळ्या ओढल्या. मालकिणीनं कुणी न सांगताच पोती हलवायला लावली. मेन मोकळा झाला.

मग मेन चढवला, पंखा लावला. सगळे दांड्याकडं डोळे लावून. पंखा घोंघावत होता. दांडा जागचा हलला नाही. पंखा बंद केला, पुन्हा लावला. नाही. मेहुणीनं बटण दाबलं तेव्हा फिरला, दुसरं दाबलं तेव्हा थांबला.

“सुटलो बाबा,” साडू म्हणाला आणि तिथंच पोत्यावर बसला.

“सकाळी नेहमीच्या वेळेला ये गं,” मालकीण मेहुणीला म्हणाली. “आणि मी बोलले ते मनावर घेऊ नकोस.”

“घेतलंय. पण येते.” मेहुणीनं मेन पाडला, जाऊन तो दोनदा बघितला, आणि खरवडणी घेऊन मिक्सरमध्ये वाकली.

दुनळीनं कपडे झटकले. गिरणीवाला सकाळपासून वाट बघत होता. पिशवी खांद्याला अडकवून तो निघाला, आणि गिरणीच्या दारातूनच ओरडला, “आधी जातं थांबवा! तुमचाही मेन पोत्यांमागंच, मला पोत्यांवर चढायचंय.”