ताण्याचं टोक
भाताची पेज गाळताना वास आला की मला पवनीतली विणकरांची गल्ली आठवते. नागपूर सोडून तिथं राहायला गेले, तेव्हा कुणाशीच ओळख नव्हती. सुट्टीच्या सकाळी मी नुसती गावभर हिंडायची. त्या दिवशी लुगड्याचा ताणा, म्हणजे विणायचे लांब उभे धागे, गल्लीभर पसरला होता आणि खळ द्यायला सुतावरून पेजेचा कुंचा फिरत होता. वाट अडली म्हणून मी वळले, तर कुंचा फिरवणारी म्हातारी ओरडली, "परत काहून जाऊन राहिली वं? वारा सुटला, धर हे टोक!" ताणा वाळेपर्यंत मी टोक धरून उभी राहिले. दारातून कुणीतरी विचारलं, "कोणाची वं हे पोरगी?" म्हातारी सुतावरची नजर न काढता म्हणाली, "आपल्याच गल्लीतली हाये." नागपूरला परत येऊन आता बरीच वर्षं झाली, या इमारतीत अजून कुणी मला काही धरायला सांगितलेलं नाही.